आधी घटका मोजा, मग किलोवॅट

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागले की अठरा-वीस किलोमीटरवर पोखर्णी येते. इथला नृसिंह मराठवाड्यातल्या कितीतरी घराण्यांचे कुलदैवत आहे. परभणी-परळी लोहमार्गावरच्या स्थानकालाही ‘पोखर्णी नृसिंह’ असेच नाव आहे. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला विजेच्या वाहनांसाठी चार्जिंगची सोय असावी, असे केंद्र सरकारने २०१९ च्या सुधारित सूचनांत सांगितले. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानेही तेवढेच अंतर धरले. परभणी शहर सोडल्यावर हे अंतर पोखर्णीच्या आसपासच भरते. तेव्हा देवस्थानाच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा दुकानदारांच्या सामाईक वाहनतळावर आज ना उद्या चार्जिंगचा खांब उभा राहणार, हे धरून चालायला हरकत नाही. तो कोणता असावा, हे मात्र आताच ठरवायला हवे. एकदा काँक्रीट ओतले, केबल पुरली आणि वीजजोडणी मंजूर झाली, की चुकीची निवड गावाला दहा-बारा वर्षे सांभाळत बसावे लागते.

अशी निवड सहसा एका आकड्यावर होते. विक्रेत्याच्या पत्रकात ३.३, ७.४, २२, ६०, १२० असे किलोवॅटचे आकडे असतात. बैठकीत पाच-सात माणसे बसतात आणि मोठा आकडा म्हणजे चांगले यंत्र, असे गृहीत धरून ठराव करतात. किलोवॅट म्हणजे वीज भरण्याचा वेग. घाईच्या ठिकाणी वेग हवा, हे खरेच. पण सामाईक वाहनतळावर आधी विचारायला हवे ते दुसरेच: इथे गाडी उभी किती वेळ राहते? एवढे कळले की निम्मी निवड आपोआप होते. उरलेली निम्मी गावाची डीपी, म्हणजे रोहित्र, किती भार पेलते आणि खांबाची देखभाल कोण करणार यावर ठरते.

पोखर्णीला येणारी गाडी दहा मिनिटांत परत फिरत नाही. कुळाचारासाठी आलेले कुटुंब अभिषेक करते, नैवेद्य दाखवते, प्रसाद घेते, पोराबाळांना फिरवून आणते. दोन तास सहज जातात. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, त्याहून जास्त. आसपासच्या दुकानदाराची स्कूटर सकाळी येते ती संध्याकाळीच हलते. परभणीहून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाची गाडीही दिवसभर एका जागी असते. म्हणजे इथे दोन प्रकारची वाहने आहेत: दोन-तीन तास थांबणारी आणि सात-आठ तास थांबणारी. पंधरा मिनिटांत भरून पुढे पळायचे आहे असा वाहनचालक या वाहनतळावर विरळाच.

आता हिशेब मांडू. आपल्याकडची मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटमध्ये साधारण सहा किलोमीटर धावते. परभणीहून पोखर्णीला येऊन परत जायला सहा-सात युनिटे पुरतात. ७.२ किलोवॅटच्या वेगाने दोन तासांत चौदा युनिटे भरतात, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरची सोय होते. परभणी, गंगाखेड, मानवत, पाथरीकडे परतायला ती पुरून उरते आणि नांदेड-लातूरकडे जाणाऱ्यालाही वाटेतला मोठा टप्पा मिळतो. स्कूटरचे गणित आणखी सोपे आहे. तिच्यासोबत मिळणारा चार्जर साधारण एक किलोवॅटच्या आतबाहेर वीज घेतो. दोन तासांत दोनेक युनिटे भरली तरी पन्नास-साठ किलोमीटर होतात. दिवसभर उभ्या असलेल्या स्कूटरला तर साधे, सुरक्षित सॉकेटच पुरे. एवढ्या गरजेसाठी ६० किलोवॅटचे यंत्र बसवण्याचे कारण उरत नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथे समजून घ्यायलाच हवी, कारण सगळी फसगत तिच्यातच होते. चार्जिंग दोन तऱ्हेचे असते. एसी चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीतच बसवलेला असतो. खांबाचे काम गाडीशी संवाद साधून वीज सुरक्षितपणे सोडणे, मोजणे आणि बिघाड झाला तर तोडणे, एवढेच. डीसी चार्जिंगमध्ये एसीचे डीसीत रूपांतर करणारे जड यंत्र खांबातच असते आणि वीज थेट बॅटरीत जाते, म्हणून वेग जास्त आणि किंमतही जास्त. एसी खांब हजारांत येतो, तर डीसी यंत्राची बोली लाखांत होते. एसी खांबावर २२ किलोवॅट लिहिलेले असले, तरी गाडीतला चार्जर घेईल तेवढीच वीज गाडीत जाते. नेक्सॉन ईव्ही, एक्सयूव्ही ४०० यांसारख्या आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या एसीवर एका फेजमधून ७.२ किलोवॅट घेतात. टियागो ईव्हीच्या काही प्रकारांत तर गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचाच असतो. म्हणजे २२ किलोवॅटच्या गनला, म्हणजे गाडीत खोचायच्या जोडणीला, अशी गाडी लावली की एक फेज कामाला लागतो, दोन रिकामे बसतात. मंजूर भाराचे शुल्क मात्र २२ किलोवॅटचे भरावे लागते.

तोच २२ किलोवॅटचा, तीन फेजचा भार वेगळ्या रीतीने वापरता येतो. प्रत्येक फेजवर ३२ अँपिअर, म्हणजे सुमारे सात किलोवॅट मिळतात. पहिल्या फेजवर मोटारींच्या टाइप टू जोडणीची एक गन, दुसऱ्या फेजवर दुसरी गन, तिसऱ्या फेजवर स्कूटरसाठी सॉकेटांची रांग, अशी मांडणी केली तर त्याच जोडणीवर दोन मोटारी आणि सहा-सात स्कूटर एकाच वेळी भरता येतात. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उभा केलेला दुहेरी गनचा खांब दोन्ही बाजूंच्या गाड्यांना पुरतो. भिंत नसलेल्या मोकळ्या वाहनतळावर स्वतंत्र खांबच लागतो, तेव्हा एका पायावर दोन गाड्यांची सोय करणे शहाणपणाचे. सामाईक जागेसाठी निवड करायची ती या दृष्टीने: एका वेळी किती जणांचे काम होते?

गावाची डीपी हा दुसरा विषय. ग्रामीण भागात ६३ किंवा १०० केव्हीएची रोहित्रे सर्रास असतात. ६० किलोवॅटचे एक डीसी यंत्र पूर्ण वेगाने चालले तर ६३ केव्हीएची अख्खी डीपी एकट्याने खाऊन टाकते. मग घरांतले पंखे, पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याची मोटर कशावर चालायची? अशा यंत्रासाठी स्वतंत्र रोहित्र आणि त्याची वाहिनी उभारावी लागते आणि तो खर्च यंत्राच्या किमतीत कुणी धरलेला नसतो. डीपी जळाली की नवी येईपर्यंत गावाचे काय हाल होतात, हे परभणी जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून ठराव करण्यापूर्वी महावितरणच्या शाखा कार्यालयातून त्या डीपीवर सध्या किती भार आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी तो किती चढतो, हे लेखी घ्यावे. जोडणी गावठाण वाहिनीवरून आहे की शेतीच्या वाहिनीवरून, हेही तपासावे. शेतीच्या वाहिनीला तीन फेजची वीज ठरावीक तासच मिळते आणि तिच्यावर चार्जिंगचा खांब उभा करण्यात अर्थ नाही.

एसी खांब निवडताना त्यात भार वाटून देण्याची सोय आहे का, हे जरूर विचारावे. एका विहिरीच्या पाण्यावर पाळीपाळीने बारे धरतात, तसा हा खांब मंजूर भाराच्या मर्यादेत राहून गाड्यांना वीज वाटतो. एकच गाडी असेल तर तिला पूर्ण वेग, चार आल्या तर प्रत्येकीला थोडा कमी. ज्याची गाडी दोन तास उभी आहे, त्याला याने काही फरक पडत नाही, पण डीपीला मोठा फरक पडतो. असा खांब संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत आपोआप मर्यादा खाली आणण्यासाठीही लावून ठेवता येतो.

दिवसा भरणे तर सगळ्याच अंगांनी फायद्याचे. केंद्राच्या १७ सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या तासांत चार्जिंग केंद्रांसाठीची वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दराने आणि इतर वेळी १.३ पट दराने असावी, अशी अपेक्षा आहे. देवदर्शनाची आणि दुकानदारीची वेळ नेमकी हीच. शेजारच्या परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या विजेला पाणीही लागते, हा धडा या भागाने दुष्काळात घेतला आहे. इथे ऊन मात्र भरपूर आहे. वाहनतळावर सौर पत्र्यांची शेड केली तर गाड्यांना आणि खांबाला सावली मिळेल आणि दुपारची बरीचशी वीज जागेवरच तयार होईल. सगळी वीज त्यातून भागेल, असे नाही, पण बिल हलके होईल.

गावोगावच्या चर्चेत मोटारीचेच नाव निघते आणि दुचाकी विसरली जाते. देशात विकल्या जाणाऱ्या विजेच्या वाहनांत सर्वांत मोठा वाटा दुचाकी आणि तीनचाकींचा आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २,००० कोटी रुपये चार्जिंगसाठी ठेवले आहेत. त्यातून चारचाकींसाठी २२,१०० आणि दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४०० जलद चार्जर उभारायचे उद्दिष्ट आहे. सरकारलाही दुचाकीच्या बाजूने दुपटीहून जास्त संख्या धरावी लागली. पोखर्णीच्या वाहनतळावर मोटारीसाठी चकचकीत गन आणि स्कूटरवाल्यासाठी काहीच नाही, असे झाले तर रोज येणारा माणूसच सोयीबाहेर राहील. दुचाकीच्या जलद चार्जिंगसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये स्वदेशी जोडणीचे मानकही मंजूर केले आहे. तरी आजच्या बहुतेक स्कूटर सोबतच्या चार्जरवर, साध्या तीन पिनांच्या प्लगवर भरतात. त्यासाठी पावसापासून झाकलेली, प्रत्येकाला वेगळे मीटर आणि वेगळा ब्रेकर असलेली सॉकेटे खांबावर हवीत. घरातले पंधरा अँपिअरचे स्वस्त सॉकेट तासन् तास भार ओढून तापते, काळे पडते, वितळते. ती काटकसर इथे करू नये.

मोटारीच्या बाजूला एसीसाठी टाइप टू हीच जोडणी घ्यावी. जर्मनीतल्या मेनेकेस कंपनीने ती घडवली, युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने ती प्रमाण मानली आणि भारतातल्या मोटारींनीही तीच स्वीकारली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या जिल्ह्यात ती रुळायला अडचण नाही. स्वस्तात मिळतात म्हणून जुन्या, आता मागे पडलेल्या जोडण्यांची यंत्रे कुणी गळ्यात मारत असेल, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे.

आता जमिनीकडे येऊ. पुण्या-मुंबईच्या पत्रकातला पाया परभणीच्या काळ्या मातीत चालत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर खोदून चौथरा ओतला की दोन पावसाळ्यांत खांब कलतो, पायातून आलेला पाइप ताणला जातो, केबलच्या जोडावर ओढ येते. पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, भोवती काळी माती पुन्हा न भरता मुरूम भरून दाबावा, पाण्याचा निचरा बाहेर काढावा आणि केबलला आत एक सैल वेढा ठेवावा. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर देण्याचे तंत्र आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केले आणि कालव्यांच्या कामांत ते वापरले गेले. काळ्या मातीशी कसे वागायचे याचे ज्ञान या राज्यातच तयार झाले आहे. चार्जरच्या कंत्राटदाराला ते माहीत असेल असे गृहीत धरू नये, कामाच्या अटींतच लिहावे.

अर्थिंगचेही तेच. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण मे महिन्यात ती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग कमकुवत होते. अर्थिंग कमकुवत असताना कुणी ओल्या हाताने गन धरली तर जिवाशी गाठ आहे. अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेले हवे आणि मोजणी वर्षातून दोनदा, त्यातली एक भर उन्हाळ्यात, व्हायला हवी. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे चार्जिंगबाबतचे नियम स्पष्ट आहेत. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवे, गाडीवरची जोडणी चार्जिंगच्या जागेपासून पाच मीटरच्या आत यावी, जोडवायर म्हणजे एक्स्टेन्शन वापरू नये आणि गळती प्रवाह ओळखून ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे संरक्षण असावे. हे नियम वाहनतळाच्या आखणीतच उतरले पाहिजेत. खांब एका कोपऱ्यात आणि गाड्या दुसऱ्या कोपऱ्यात असल्या की एक्स्टेन्शन बोर्ड निघणारच.

ऊन, धूळ आणि धक्के यांचा विचार शेवटी ठेवून चालणार नाही. परभणीत मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. उन्हात तापलेल्या पेटीच्या आत तापमान आणखी चढते. बरीच यंत्रे अशा वेळी स्वतःच वेग कमी करतात. डीसी यंत्रात तर पंखे आणि जाळ्या असतात, त्या काळ्या मातीच्या धुळीने भरतात आणि मग यंत्र बंद पडते. एसी खांबात फिरणारा भागच नसतो, म्हणून तो इथे जास्त टिकतो. पेटीला धूळ-पाण्यापासून आयपी ५४ किंवा त्याहून वरचे संरक्षण आणि धक्क्यासाठी आयके १० हा दर्जा मागावा. आयके १० म्हणजे पाच किलोचे वजन साधारण चाळीस सेंटिमीटरवरून पडले तरी पेटी फुटत नाही. तरीही मागे घेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपुढे कोणताच दर्जा टिकत नाही. त्यासाठी पुढे काँक्रीटचे किंवा लोखंडी अडथळे आणि चाकाला थोपवणारे ओटे हवेतच. केबलमध्ये तांबे असते आणि शेतातल्या मोटरींच्या केबली कशा चोरीला जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. गन कुलपाच्या कप्प्यात राहील, खांब दुकानाच्या किंवा देवस्थानाच्या नजरेत राहील आणि वर दिवा असेल, अशीच जागा निवडावी.

इथवर यंत्राचे झाले. सामाईक जागेत भांडण होते ते पैशांवरून. मीटर कुणाच्या नावाने? बिल कोण भरणार? युनिटमागे किती घ्यायचे? गाडी भरून झाली तरी जागा न सोडणाऱ्याचे काय? या प्रश्नांची उत्तरे यंत्र येण्याआधी कागदावर आली नाहीत, तर सहा महिन्यांत खांबाला कुलूप लागते. चार्जिंगसाठी वेगळे मीटर घ्यावे आणि खांबाच्या आत प्रत्येक गनची, प्रत्येक सॉकेटची स्वतंत्र नोंद व्हावी. देवस्थानाच्या किंवा कुण्या एका दुकानदाराच्या मीटरवर भार टाकला की पहिल्या मोठ्या बिलाला मने दुखावतात. पैसे यूपीआयवर घ्यावेत, पण मोबाइलचे नेटवर्क गेले तरी चालेल अशी कार्डाची किंवा ब्लूटूथची सोय हवी. जत्रेच्या गर्दीत नेटवर्क जाते आणि यंत्राची गरज नेमकी तेव्हाच असते.

आणखी एक अट लेखी घ्यावी. खांब ओसीपीपी या खुल्या भाषेत बोलणारा हवा आणि त्याची चावी, म्हणजे सॉफ्टवेअर बदलण्याचा हक्क, जागेच्या मालकाकडे हवा. चालवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला तर दुसरी कंपनी किंवा गावातलीच संस्था तोच खांब चालवू शकेल. बंद भाषेचे यंत्र घेतले तर कंपनी जाते आणि मागे लोखंडाची पेटी उरते. वार्षिक देखभालीचा करार, बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, सुटे भाग कुठून येणार, हे किमतीएवढेच महत्त्वाचे आहे. परभणीत तंत्रज्ञ नसेल आणि तो पुण्याहून यायचा असेल, तर स्वस्त यंत्र सर्वांत महाग पडेल.

हे सगळे गावाच्या आवाक्याबाहेरचे वाटत असेल तर तसे नाही. चार्जिंग ही सेवा आहे, विजेची विक्री नाही आणि तिला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले. देवस्थान, ग्रामपंचायत, दुकानदारांची संस्था, महिला बचत गट यांपैकी कुणीही ते चालवू शकते. बचत गटाने सॉकेटांची देखरेख, पैशांची नोंद आणि अर्थिंगला पाणी घालणे एवढे अंगावर घेतले तरी खांब जिवंत राहील आणि गावात चार पैसे राहतील. ग्रामीण भागात नवी वीजजोडणी १५ दिवसांत द्यावी, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. महावितरणकडे तो आग्रहाने सांगावा.

बाहेरचे जग काय करते, तेही पाहू. युरोपीय संघात सार्वजनिक चार्जिंगच्या जागा सर्वांत जास्त आहेत त्या नेदरलँड्समध्ये. त्यांतल्या बहुतेक साध्या, संथ, रस्त्याकडेच्या एसी खांबांच्या आहेत, एका खांबाला दोन सॉकेटे. रहिवाशाने विजेची गाडी घेतली आणि त्याच्याकडे स्वतःची जागा नसेल, तर तो नगरपालिकेकडे मागणी करतो आणि खांब त्याच्या राहत्या भागात येतो. गाडी जिथे उभी राहते तिथे वीज नेण्याचे हे धोरण आहे. जलद यंत्रे तिथेही आहेत, ती महामार्गांवर.

आपल्याकडेही डीसीची गरज आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. ५ जून २०२५ ला पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलांपाशी, एसटीच्या विजेच्या बसगाड्यांच्या आगारांत ती यंत्रे हवीतच. एसटीची ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तिला वेळेत परत फिरायचे असते. परभणी शहरात, रोहित्राची स्वतंत्र सोय असलेल्या जागी, एक-दोन डीसी यंत्रे असावीत. पोखर्णीच्या दारातल्या वाहनतळाला मात्र ती पहिली गरज नाही. पुढे गाड्या वाढल्या तर जागा असावी, म्हणून आज केबलचा रिकामा पाइप मोठ्या व्यासाचा पुरून ठेवावा. त्याचा खर्च थोडा आणि उपयोग मोठा.

सरकारकडे आणि संस्थांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. अनुदानाची अट केवळ किलोवॅटवर ठेवू नये, एका जोडणीवर किती वाहने एकाच वेळी भरतात आणि वर्षात खांब किती दिवस चालू राहिला यावर अनुदान मिळावे. महावितरणने प्रत्येक गावठाण डीपीचा मंजूर आणि प्रत्यक्ष भार ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, म्हणजे निर्णय आंधळा होणार नाही. तिसरी मागणी वाहनतळाच्या मालकांकडे आहे. एका साध्या दिवशी, एका शनिवार-रविवारी आणि नृसिंह जयंतीला, वाहनतळावर वही घेऊन बसावे. किती मोटारी, किती स्कूटर, किती तीनचाकी आल्या, कुठून आल्या आणि किती वेळ थांबल्या, एवढे लिहावे. कॉलेजातली चार मुले हे काम करू शकतात. ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी, महावितरणच्या अभियंत्याने त्याच सभेत डीपीचा भार लेखी द्यावा आणि मग मागणी लिहावी. या दोन कागदांशिवाय पोखर्णीत, किंवा परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात, चार्जरची निविदा निघू नये.